झाडूनपुसून ठेवलेलं नुकसान

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगतो, आम्ही सगळे धडधाकट आहोत, तेव्हा पुढचं वाचताना स्वभावाप्रमाणे ताडकन उठू नकोस. शनिवारी पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखालचा पाण्याचा मोठा पाइप फुटला. दुकान उघडायला आलो तर सगळ्या ओळीत गुडघाभर पाणी. माझे कागदाचे गठ्ठे, पुठ्ठे, बांधायला आलेली वाचनालयाची पुस्तकं, सगळ्याचा लगदा झाला. शेजारच्या शिंपीणबाईंकडे गिऱ्हाइकांचे कपडे तरंगत होते आणि रेडिओवाला उघड्या पडलेल्या रेडिओंकडे बघत नुसता उभा होता.

पण तुझ्या कंपनीचा विमा असताना रडायचं कशाला? माझी बहीण तिथे क्लेम तपासते असं सांगून मीच तर सगळ्या ओळीला तो घ्यायला लावलाय. सोमवारी ओळीतल्या चष्मेवाल्या काकांच्या फोनवर तुमच्या ऑफिसातल्या बाई आम्हा प्रत्येकाशी फार गोड बोलल्या. साहेब गुरुवारी पाहणीला येतील, तोवर जागा झाडूनपुसून मोकळी ठेवा, म्हणजे काम लवकर उरकेल, असं त्यांनी सांगितलं. मग तुझ्या ऑफिसचा साहेब येणार आणि आपली दुकानं उकिरड्यासारखी कशी ठेवायची? मी सगळ्यांना कामाला जुंपलं. ओला माल कचऱ्याच्या गाडीत घातला, फरशा घासल्या, भिंतींना चुना मारला. शिंपीणबाई कुरकुरत होत्या, कपडे असेच राहू देत, त्यांना दिसू देत म्हणत होत्या. माझ्या बहिणीला मान खाली घालायला लावणार का, असं विचारलं तेव्हा कुठे त्यांनी आवरायला घेतलं.

साहेब वरच्या ऑफिसात जाणार आणि त्यांची खुर्ची तुला मिळणार, ही बातमी तुझ्या वहिनीने गल्लीभर केली आहे. ती म्हणते, खुर्चीवर आधी गादी घाल, बारा वर्षं शिड्या चढून तुझी हाडं खिळखिळी झाली असतील.

आमचा जीव तुझ्यावर आहे तसाच आहे, तू फक्त रागावर जरा झाकण ठेव.

तुझा,
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार करून झाला, आता भांडते. आठवडाभर एका जळालेल्या सूतगिरणीत राखेत उभी होते. काल परतले तर तुझं पत्र. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, हे काय करून बसलास! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाणी ओसरलं की भिंतीवर त्याची रेघ राहते. आम्ही आधी तीच शोधतो, टेपने मोजतो, शेजारच्या दुकानातल्या रेघेशी ताडून पाहतो. कपाटाचं लाकूड किती फुगलं, खणांत गाळ किती साचला, पुठ्ठ्याचे थर चिमटीत सुटतात का, यावरून नुकसान ठरतं. ओला माल हाच तुमचा साक्षीदार होता. त्याला तू कचऱ्याच्या गाडीत बसवून निरोप दिलास, आणि रेघेवर चुना मारलास तो मारलासच, वर ते कौतुकाने मला कळवतोस!

टायपिस्ट म्हणून लागले तेव्हापासून तुला सगळं लिहीत आले. शिडी चढणारी पहिली बाई म्हणून गोदामातले हमाल कसे हसायचे, काजळी खाऊन मी आठवडाभर कशी खोकायचे, सगळं. ती पत्रं वाचलीस, की छान कापडी पुठ्ठा घालून फळीवर ठेवून दिलीस?

आणि फोन करणारी ही गोड बाई कोण? मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते, की विमेदाराला सांगा, काडीलाही हात लावू नका. आमच्याच ऑफिसातून उलटं कोण सांगतंय? गुरुवारी आलेला साहेब काळ्या फ्रेमचा चष्मा लावणारा असेल, तर ते आमचे कात्रीसाहेब, ज्यांची खुर्ची मला मिळायची आहे तेच. क्लेम कापल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. काय झालं ते उलट टपाली कळव.

रागावले आहे म्हणून परकी समजू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठिणगी


दि. १५ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

काळ्या फ्रेमचेच होते. माणूस फार गोड. दुकान किती स्वच्छ ठेवलंय म्हणून माझी पाठ थोपटली. दोन मिनिटं चौफेर पाहिलं, चहा घेतला, पुढच्या दुकानात गेले. आज ओळीतल्या सातही दुकानांना एकाच मजकुराची पत्रं आली आहेत. पाहणीच्या वेळी नुकसान आढळलं नाही, सबब क्लेम नामंजूर.

रेडिओवाल्याने ते पत्र रस्त्यात टाकून त्यावर पाय दिला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची भरपाई म्हणून शिंपीणबाई आता नवे कपडे फुकट शिवून देतायत, कापडही पदरचं. मी समोरून गेलो की मशीन जोरात चालवतात. सकाळचा चहा आम्ही सगळे चष्मेवाल्या काकांच्या पायरीवर घ्यायचो, आता माझा कप कोणी मागवत नाही.

तू यात पडू नकोस. साहेबांशी वाकडं घेशील आणि हातातोंडाशी आलेला घास घालवशील. आमचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण दुकानदाराला त्याची सवय असते. वाचनालयाला मी हप्त्याने पुस्तकं भरून देईन.

राग गिळ, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. २१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गिळत नाही. का गिळू?

टेलिफोनवरच्या बाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या भाबडेपणाने सांगून मोकळ्या झाल्या, की साहेबांनीच तसं बोलायला सांगितलंय, पण फक्त छोट्या दुकानदारांशी. गिरण्या, कारखाने, मोठी गोदामं असतील तर उलट बजावायचं, की आम्ही येईपर्यंत काही हलवू नका. मी गेले त्या सूतगिरणीत म्हणूनच राखेचा कण जागचा हलला नव्हता! त्यांच्याकडे वकील असतात. तुमच्याकडे झाडू असतो, आणि घरी येणाऱ्या माणसाची लाज असते. त्या लाजेवर हा माणूस कंपनीला बचत करून दाखवतो आणि वर जातो.

तशीच त्यांच्या खोलीत गेले. ते हसले. जागा स्वच्छ ठेवायला सांगणं ही साधी सभ्यता आहे, कोणाला जबरदस्ती तर केली नव्हती, असं म्हणाले. मग आवाज खाली आणून सांगितलं, की खुर्ची जवळजवळ माझीच आहे, आता दुधात मीठ कशाला टाकता. मी वरच्या ऑफिसला लेखी तक्रार करणार, हेही त्यांना तोंडावर सांगितलं आणि आज ती पाठवली. खुर्ची गेली खड्ड्यात.

आता माझं एकच ऐक. ते तुझ्याकडे येतील. कसलाही कागद पुढे केला तरी सही करू नकोस. तुझ्या सहीने सगळ्या ओळीचं तोंड बंद होईल, कारण तक्रार करणारीचा भाऊच खूश आहे असं ते म्हणतील.

वहिनीला नमस्कार. ऐकशील ना रे?

तुझी,
ठिणगी


दि. १ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. हे मी ह्यांच्या चोरून लिहिते आहे. मी लिहिलं असं कृपा करून सांगू नका.

परवा ओळ बंद झाल्यावर तुमचे ते साहेब घरी आले. माझ्या हातचं पाणी घेतलं, सोन्यासारखी बहीण आहे तुमची असं म्हणाले, आणि चेक काढून ठेवला. पाच तारखेला ते वर जाणार आहेत. त्यांच्या नावावर तक्रार राहिली तर तुमची खुर्ची दुसऱ्याला जाईल, एवढंच नाही, तुम्हाला नोकरीवर राहणंही अवघड होईल, असं त्यांनी मऊ आवाजात सांगितलं. आमची काही तक्रार उरली नाही, असा कागद होता. तुमचं पत्र ह्यांच्या खिशात होतं, वन्सं, तरीही ह्यांनी सही केली.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यासमोर ओरडले. हे म्हणाले, हिने बारा वर्षं काजळी खाल्ली, आता माझ्या लगद्यापायी तिला घरी बसवू का. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. चेक गोंदाच्या डब्याखाली ठेवलाय, बँकेत टाकायला पाय उचलत नाही.

मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. तुम्ही रागावा, पण तोडू नका. इतकं मागते.

तुमची,
वहिनी


दि. ६ मार्च

ती. दादास,
न. वि. वि.

कोणी कळवलं ते विचारू नकोस. तसंही काल एकाच पाकिटातून दोन कागद आले. एकात लिहिलंय, की तक्रार करणारीचे बंधू पूर्ण समाधानी असल्याने तक्रार निकाली काढली. दुसऱ्यात माझ्या बढतीचा हुकूम.

दादा, तू मला खुर्ची घेऊन दिलीस. पण किंमत तुझी नव्हती रे, ती शिंपीणबाईंची होती, रेडिओवाल्याची होती. ती तू कोणाला न विचारता मोजलीस. मी लहान असताना माझ्या वतीने भांडणं मिटवून यायचास, तेव्हाही मला असाच संताप यायचा. मला भांडायचं होतं!

आज त्या खुर्चीत बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला बरं वाटलं असेल.

ठिणगी


दि. ११ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद शेवटी देईन, जमलं तर.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चेकची कुणकुण ओळीत लागली. शिंपीणबाई दुकानात आल्या, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. त्यांनी एवढंच विचारलं, की आवरायला लावलंत तेव्हा तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं का. मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांच्या मनात हा प्रश्न येऊ शकतो, या विचाराने माझ्या अंगाची लाही झाली. मी पन्नाशीला आलो, आजवर कोणावर हात उचलला नाही, पण तो काळ्या फ्रेमचा साहेब त्या क्षणी समोर असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

मी सगळ्यांना रस्त्यात बोलावलं आणि फोनपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. रेडिओवाल्याने आईवरून शिवी दिली, मी ती घेतली. मग चेक त्यांच्या देखत पाकिटात घालून, रजिस्टर करून वरच्या ऑफिसला परत पाठवला. त्या फोनवर काय सांगितलं गेलं, ते सातही जणांनी आपापल्या हाताने लिहून दिलंय. सोबत जोडलं आहे.

आता तुझं. माझ्यावर काय रागवायचं ते रागव, मी त्या लायकीचा आहे. पण बारा वर्षं तू त्या माणसाच्या ऑफिसात बसलीस. पलीकडे ती बाई रोज फोनवर हेच बोलत होती. एकदाही तुझ्या कानावर पडलं नाही? शिड्या चढायच्या नादात तुला ऐकूच आलं नाही? टाळ्या वाजल्या म्हणून मला टोमणे मारतेस, मग त्या खुर्चीत करतेस काय? त्या फायली उघड. तेवढं जमत नसेल, तर मला दादा म्हणू नकोस.

आशीर्वाद.

दादा


दि. १८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नाही पडलं कानावर. हे उत्तर मला स्वतःला पटत नाही, तर तुला काय पटणार. तुझं पत्र वाचून दिवसभर तुझ्यावर चिडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडून फायली काढल्या.

लेखी हुकूम काढला आहे. आमच्याच ऑफिसने जागा साफ करायला सांगितली असेल, तर ओला माल दिसला नाही या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही. तुम्हा सगळ्यांचे जबाब जोडले, पाणीखात्याकडून पाइप फुटल्याचा दाखला आणला. टेलिफोनवरच्या बाईंनीही लिहून दिलं, रडत रडत दिलं, पण दिलं. पाहणीसाठी आमचा कोणीही न पाठवता बाहेरचा माणूस नेमलाय. तो चुना खरवडून खालची रेघ शोधेल. शिंपीणबाईंना सांग, मंगळवारी पहिलं दुकान त्यांचंच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मीही द्यायला येणार आहे, समोर बसून.

वरून दोनदा फोन आला. आल्या आल्या घरचं भांडण ऑफिसात आणलंत, असं सुनावलं. मीही सुनावलं. ही खुर्ची मला किती दिवस पुरेल माहीत नाही, पण या फायली पुऱ्या होईपर्यंत मी तिच्यावरून उठणार नाही, ओढून काढलं तरच.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. मी सहा फायली उघडल्या, सातवी उघडता येत नाही. सख्ख्या नात्यातल्या माणसाचा क्लेम या खुर्चीतून हाताळायचा नाही, असा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. मीच दुसऱ्या कोणाला तो मोडू दिला नसता. अशी फाईल निर्णयासाठी वर पाठवावी लागते. तुझा चेक परत गेला, तरी तुझी सही तिथे आहे. आणि वर आता कात्रीसाहेब बसलेत. ओळीत सगळ्यांना मिळेल, दादा, तुला मिळणार नाही, कारण तू माझा भाऊ आहेस. काल संध्याकाळी तुझी फाईल मी स्वतः बांधली, वर माझी सही केली आणि त्या माणसाच्या नावाने पाठवून दिली.

माझा राग अजून उतरलेला नाही, तुझाही उतरू नये. माया आहे तिथेच आहे. वहिनीला नमस्कार.

तुझीच,
ठिणगी