तीनशेपैकी चौसष्ट

अण्णा,

आज नांदेडहून चाचांचं पार्सल आलं. पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं एक चित्र, नातीच्या दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, धर्माबादची पावशेर मिरची आणि एक चिठ्ठी. कुरिअरचे एकशे ऐंशी चाचांनी तिकडंच भरले. माझा खर्च काही नाही, वहीत तसंच लिहिलं. चाचा लिहितात, "बेटी, अण्णांच्या सहा चित्रांत हे सातवं ठेव. सातही एकत्र आली की जाणत्या माणसाकडून किंमत करून घे, निम्मे तुझे. नातीला लातूरला क्लास लावलाय, दोन वर्षं तुझ्याकडंच राहील. अण्णा मला लबाड म्हणून गेले, तरी ते घर मी परकं मानलं न्हाई." चित्रात एक गोरा म्हातारा दाराशी बसून पत्र वाचतोय. खाली पेन्सिलीनं सही आणि आकडा, 64/300. तो आकडा बघितला आणि चित्र परत नळीत घातलं.

त्या अमेरिकन चित्रकाराचं तुम्हाला केवढं वेड. रद्दीतल्या इंग्रजी मासिकांतून त्याची चित्रं कापायची आणि वहीत चिकटवायची. दुकानात दिवसभर देवांच्या तसबिरी मढवायच्या, आणि घरी हे गोरे न्हावी, पोस्टमन, आजीबाई. तुमच्या दुकानाला काच पुरवणारे चाचा, त्यांना हे माहीत. मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांच्याकडून चाचांनी सात चित्रं मिळवली. एक स्वतःला ठेवलं, सहा तुम्हाला दिली, घेतल्या भावात. फ्रेमची लाकडं येईपर्यंत तुम्ही ती माझ्या अभ्यासाच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी लावली. मी दहावीला होते.

मग भूकंप झाला. आपलं घर उभं राहिलं, पण किल्लारीकडची माणसं दवाखान्यात आणत होते आणि जमीन रोज थोडी हलत होती. अजूनही टँकर गेला नि मांडणीतली भांडी वाजली की मी दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहते. त्या दिवसांत अभ्यासाला बसले की समोर ते आकडे. 41/300. 88/300. खाली सही. मला ते मार्कच वाटले, अण्णा. आणि सही तपासणाऱ्याची. सहाही चित्रांत पस्तीस टक्क्यांवर एक नव्हतं. घरात नापासाचे कागद टांगलेत म्हणून देवी कोपली, असं माझ्या मनानं घेतलं. नवरात्राचा उपास होता. खोडरबर घेतला आणि एकेक आकडा पुसला. नुसती सही राहिली तर तुम्ही विचाराल, म्हणून सह्याही पुसल्या. भुगा ओढणीत झाडून परसात टाकला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ती मढवली, काचेआड; घाईत खालच्या कडेकडं तुमचं लक्ष गेलं नाही.

दिवाळीनंतर मदतीला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांपैकी एक साहेब दुकानात आले. त्यांच्याकडं याच चित्रकाराची चित्रं होती. काचेला नाक लावून बघितलं, मान हलवली. सोबतच्या ड्रायव्हरनं सांगितलं, "साहेब म्हणतेत, पेन्सिलीची सही अन् नंबर असता तर मोल व्हतं. तीनशेतली कितवी प्रत ते कळतं त्यावरून. ही नुसती छपाई हाय."

त्याच आठवड्यात चाचा काच घेऊन आले. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं, मी आत चहा गाळत होते.

"दाखवली एक अन् दिली दुसरीच," तुम्ही म्हणालात. "ही दोस्ती हाय का दलाली?"

"पेन्सिल मी माझ्या डोळ्यांनी बघितली, भाई."

"मग काय उडून गेली?"

"मला काय ठाव? घरात विचारा एकदा."

"माझ्या घरात चोर न्हाईत. लबाड तुम्ही."

चाचा चहा न घेता उठले. मी तो चहा मोरीत ओतला. मार्चमध्ये परीक्षा झाली, मी सेकंड क्लासात पास झाले, आणि आकडे पुसले त्याचाच हा गुण असं मी मानलं. तुम्ही पेढे वाटले. नांदेडला पाठवले नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा चाचा आले होते, मागं उभे राहिले. तेव्हा सांगता आलं असतं. आता त्यांना ऐंशी झाली. आमच्या गल्लीत घरटी दोन पोरी क्लासच्या, कुणाला खोली मिळत नाही, आणि चाचा नात विश्वासानं माझ्या हाती देतायत. सांगितलं तर नात परत नेतील, ही एक भीती. दुसरी मोठी. तुम्ही चारचौघांत त्यांना लबाड म्हणालात, आणि चोर घरातच होता, हे त्यांच्या तोंडून गावात गेलं तर तुमचं नाव काय राहील? आणि नाही सांगितलं, तर ती पोर रोज माझ्या हातची भाकर खाईल आणि मी तिच्या आजोबांना लबाड ठेवून तिला वाढीन. देवापुढं बसते, पण जप पुढं सरकत नाही.

सोमवारी चाचा स्वतः तिला सोडायला येतायत. सहा चित्रं बघायला मागतील. काय करू ते सांगा. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला माहीत नाही, तरी विचारते. आणि खरं सांगू? तुम्ही "गप बस" म्हणावं, अशीच माझी इच्छा आहे. पण तुमच्या मनात जे असेल ते उलट टपाली कळवा.