अंगठा तुमच्यासाठी राखून ठेवलाय

प्रिय एस्तेरताई,

सलाम.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणाच! पण काल कुरवंड्याहून रडत घरी आले, आणि का रडले ते घरात कोणाला सांगता येईना. धाकट्या जावेचं रडणं थोरलीलाच कळायचं ना?

तुमच्या साड्या मुलींनी वाटून घेतल्या. उरली ती कापडी पिशवी. नेलकटर, कात्री, खोबरेल, जुना टॉवेल. "काकू, तुम्हीच ठेवा," म्हणाल्या. टाकवेना म्हणून आणली. टॉवेल चांगला होता हो अजून!

ही पिशवी घेऊन तुम्ही दर आठवड्याला कुरवंड्याला का जायचात, ते मला कधी उमगलं नाही. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांच्या टाचा धुवायच्या, नखं कापायची. ही काय सेवा? चर्चच्या मंडळीत कोणी कधी तुमचं नाव घेतलं नाही. गावात एकाने विचारलं, "बाई, धरम बदलायला आलात काय?" तुम्ही म्हणालात, "नाही बाबा, नखं कापायला." ते सांगताना किती हसलात! मी मात्र नाक मुरडलं. स्त्रीमंडळाचा हिशेब चोख ठेवते, तेवढी माझी सेवा पुरे, असं मला वाटायचं.

मग आता का गेले? तुमच्या कुरवंड्याच्या बायजामावशीच्या सुनेने लोणावळ्याच्या बाजारात गाठलं. "म्हातारीला साखर हाय. अंगठ्याचं नख मासात चाललंय. आमाला हात लावू देत न्हाई. दवाखान्यात चल म्हनलं की अंगावर येती."

गेले, ती नेमकी अमावास्येला. मावशीने पाय पोटाशी ओढून घेतला. "आज आवस हाय! आवशीला नखं काढत्यात व्हय? तुमच्यात कायच कळत न्हाई का?"

हात हलवत परतले. वाटेत आठवलं, तुमच्या कॅलेंडरवर अमावास्येला खूण असायची. मी टोचून बोलले होते, "आपण विश्वासी माणसं, आपल्याला कसली अमावास्या?" तुम्ही एवढंच म्हणालात, "सुनंदा, नखं मावशीची आहेत, माझी नाहीत." आणखी दोन वाक्यं बोलला असतात तर काय बिघडलं असतं, ताई?

काल पुन्हा गेले. मावशीने पाय मांडीवर दिला. वास असा आला की मी पदर नाकाला लावला.

"हात जड हाय गं तुजा. त्या बाईचा कापसावानी. ती कवा येनार?"

"मावशी, त्या प्रभूकडे गेल्या."

"म्हंजी?"

"वारल्या."

पदर तोंडावर घेऊन ती रडली. चार बोटांची नखं काढून होतात तोच परत विचारलं, "ती बाई कवा येनार?" परत सांगितलं. परत तसंच रडणं, जणू पहिल्यांदाच ऐकलं! सून चुलीजवळून म्हणाली, "रोज सांगते, रोज इसरती. तुमी म्हना, गावाला गेली. सुटाल तरी."

अंगठ्याला मात्र हात लावू दिला नाही. "ह्यो तिच्यासाठी ऱ्हाऊ दे. ती आल्याव काढील."

अंगठा काळा पडत चाललाय, ताई.

पाळकसाहेब म्हणाले, सेवेसाठी देवाचं पाचारण झालं की मनाला शांती मिळते, प्रार्थना करा. केली. नाही मिळाली. तुम्हाला मिळत होती का? की तुम्हीही अशाच, शांतीवाचून, कुरवंड्याचा चढ चढत होतात? तुम्ही असताना विचारलं नाही. आता कोणाला विचारू? तुमचं मरण एकदा सोसलं. ते असं पुन्हा पुन्हा दुसऱ्याला सांगायचं बळ माझ्यात नाही. पण मी नाही गेले तर दुसरं कोणी जाणार नाही, एवढं मला दिसतं. याहून मोठी हाक मला ऐकू आलेली नाही.

म्हणून शब्द देते. बुधवारी जाईन. गावाला गेलात असं सांगणार नाही. सांगितलं तर ती वाट बघत बसेल आणि अंगठा हातचा जाईल. विचारील तितक्या वेळा खरंच सांगेन. तिचं रडणं सरेपर्यंत पाय मांडीवर धरून बसेन, आणि ती पुन्हा विसरायच्या आत अंगठा मागून घेईन.

प्रभूमध्ये तुमची,
धाकटी जाऊ
सुनंदा