मरणाच्या गाण्याचं पान

पनवेल, ११ मार्च १९५४

ती. अप्पास,
वेणूचा नमस्कार. नावामागे ‘कै.’ लावून पाकीट पोस्टात टाकता येत नाही, तेव्हा हे पत्र घरातच राहील.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांवरचं तुझं पुस्तक छापायला गेलं आहे. फक्त मरणाच्या गाण्याचं पान कोरं होतं. त्या गाण्यासाठी तू वर्षानुवर्षं वाडीवर खेपा घातल्यास. दर वेळी बुधीआजी विचारायची, “कोन मेलाय?” कुणी नाही म्हटलं की ती चुलीकडे वळायची. माणूस गेल्याशिवाय ते गाणं म्हणायचं नाही, अशी त्या वाडीची रीत.

तुझं सुतक फिटल्यावर मी गेले. तिने तेच विचारलं. मी सांगितलं.

“आपा? बस मंग,” म्हणाली आणि गायला लागली.

मी पेन्सिल काढली. ‘आपा चालला डोंगर चढून’ अशी सुरुवात आहे. शेवटी शेवटी तुला साधा जिना चढवत नव्हता.

गेलेल्याचं नाव प्रत्येक कडव्यात येतं. तुझी शिस्त अशी, की अशा जागी ‘अमुक’ छापायचं. मीही तसंच लिहून दिलं आणि छापखान्याने तसंच जुळवलं होतं. प्रुफात मी सगळे ‘अमुक’ खोडले आणि ‘आपा’ लिहिलं.

तुझी,
वेणू