पडद्यावरची धमनी

३ नोव्हेंबर
मिरजेहून पहाटे निघाले, दुपारी रत्नागिरीत. दवाखान्याच्या आवारातच जांभ्या दगडाची खोली मिळाली आहे. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते. गोदूबाई इथल्या मावशी. आल्या आल्या त्यांनी बांगड्याचं तिखलं आणि भात आणून दिला. उद्यापासून सोनोग्राफी माझ्याकडे. फार छान वाटतंय.

५ नोव्हेंबर
माझ्याकडे येणारे बहुतेक एड्सचे पेशंट, गोळ्या मधेच सोडलेले. प्लीहेत क्षयाचे बारीक काळे ठिपके, पोटात गाठी, यकृतात पू. वेळेत दिसलं तर माणूस वाचतो, म्हणून मला हे काम आवडतं.
आज पूर्णगडचे मन्सूर आले, सोबत बायको रझिया. आजार दोघांनाही. मन्सूर यांची प्लीहा ठिपक्यांनी भरलेली. पण कण्यापुढची मोठी धमनी, जी प्रत्येक ठोक्याला उडताना दिसते, ती हलत नव्हती. मन्सूर मला दुबईतल्या उन्हाबद्दल सांगत होते. मशीन बंद करून पुन्हा लावलं. तरी तसंच.

६ नोव्हेंबर
मन्सूर सकाळी वारले.
मशीन तपासायला माणूस आला. काही बिघाड नाही म्हणाला. गोदूबाईंच्या पोटावर मशीनचा प्रोब ठेवून पाहिला. धमनी छान उडत होती.

१४ नोव्हेंबर
शिवा, वय चौतीस. पुन्हा तेच. मी त्याला पोटावरच्या जेलसकट अतिदक्षता विभागात पळवलं. तिथे नाडी, रक्तदाब सगळं ठीक निघालं. तिथले डॉक्टर माझ्यावर वैतागले. तासाभरात तो गेला.
म्हणजे पाहूनही काही करता येत नाही.

१८ नोव्हेंबर
रझिया आली. ताप आणि उजव्या कुशीत दुखणं. मी प्रोब फिरवला, पण पडद्याकडे पाहिलं नाही. पाहवेना. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं.
ती म्हणाली, “अल्लानं ऐकलं. घरात पोरगी एकटी आहे.”

२५ नोव्हेंबर
रझिया गेली. यकृतात पू झाला होता, तो फुटला. सर्जन म्हणाले, आठवड्यापूर्वी दिसला असता तर सुईनं काढता आला असता. बाई वाचली असती.
म्हणजे त्या दिवशी तिची धमनी उडत असेल. असेल — किंवा —
मला कधीच कळणार नाही.

२७ नोव्हेंबर
राजीनामा दिला. दुसरं कुणी येईपर्यंत थांबा म्हणाले. जेवण जात नाही. प्रोब हातात घेतला की —

२ डिसेंबर
रझियाची मुलगी अलफिया. एकोणीस वर्षांची. जन्मापासून हाच आजार, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. पोट दुखतं म्हणून आली.
टेबलावर झोपल्यावर म्हणाली, “अम्मीला तुम्ही नॉर्मल म्हणालात. मला नीट बघा.”
नीट पाहिलं. यकृत ठीक. प्लीहा ठीक. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. प्रोब मधोमध नेला —
हलत नाही.
दोनदा पाहिलं. तीनदा.
ती आता बाहेर बाकावर बसली आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे, तोवर बरी होईन ना, म्हणून बाहेरूनच विचारते आहे. दार ढकललं तिनं. तिला मी काय