सहाव्या भागाची पट्टी

पिल्लूला घरी अपूर्णांक शिकवायला आणलेलं सगळं साहित्य मी तपासलं. दोन्ही वह्या परत पाठव, त्यांत नुसती आकडेमोड आहे. तू आणलेली लाकडी पट्ट्यांची पेटी मात्र उत्तम आहे. अर्धा आणि दोन चतुर्थांश सारखेच, हे तिला पट्ट्या शेजारी ठेवताच कळलं.

पेटी नवी आहे असं तू म्हणालास. पण प्रत्येक पट्टीच्या मागे शाईने सातचा आकडा घातलाय. घरातल्या एकुलत्या पेटीला कोणी नंबर घालत नाही. वर्गात पेट्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून घालतात. तेही मी सोडून दिलं असतं. पण झाकण उघडायच्या आधीच पिल्लू म्हणाली, "आई, यात सहाव्या भागाची एक पट्टी कमी आहे." मी मोजल्या. सहा हव्यात, पाचच निघाल्या.

शनिवारी तुम्ही दोघं पोहायला जाता आणि टॉवेल कोरडे येतात, तेही आता आठवलं.

तिला शाळेतून काढायचं आपण दोघांनी ठरवलं होतं. परत घालायचं असेल तर तेही दोघांनीच ठरवायचं. मी प्रयोगशाळेतून सातला येते. तोवर तिला काही पढवू नकोस. मी तिला अजून एकही प्रश्न विचारलेला नाही, तुलाच विचारणार आहे.