दहातून तीन

शुक्रवार, जुलै. संध्याकाळ

ऑफिसातल्या फॅन्टसी बेसबॉल लीगला उगाच हो म्हणून बसलो. अर्धा सीझन संपलाय आणि रविवारपर्यंत टीम नव्याने निवडून द्यायचीय. मला क्रिकेटपलीकडे काय कळतंय? एका बॅटरची सरासरी बघितली, तर दहातून तीनदाच हिट. मी फुलीच मारली. आमच्या बिल्डिंगच्या टीमनेही घेतलं नसतं त्याला.

"बाबा, नो! ही इज सुपर्ब!" मागून इरा ओरडली. अल ऐन शहर सोडून इकडे मरीनात राहायला आलो, तिची शाळेतली बेसबॉल टीम सुटली, तेव्हापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नव्हती. आज चक्क शेजारी बसली. माझ्याच वाटीतला चिवडा खात तासभर शिकवत होती. बेसबॉलमध्ये दहातून तीन म्हणजे भारी म्हणे. बापाचंही असंच मोजत असतील का? मोजावं. माझे बाकीचे सात तिला पाठ आहेत.

"यल्ला बाबा, लास्ट वन."

कोणाला घ्यायचं ते मला कळलं होतं. तरी म्हटलं, आता डोकं चालत नाहीये, उद्या बघू.

"ओके. टुमॉरो, सेम टाइम."

एक जागा रिकामी ठेवलीय. देवा, थँक्यू.