भांडुपच्या घराची शेवटची चक्कर

८ जानेवारी, गुरुवार
रजिस्ट्रेशनची तारीख मिळाली एकदाची. पुढचा शुक्रवार. वाकोल्याच्या मालकाला लगेच सांगून टाकलं की महिनाअखेर जागा सोडतो. त्याच्याकडे नवा भाडेकरू तयारच बसला होता. म्हणजे आता मागे फिरायची सोय नाही.
आबांना सांगितलं. सासऱ्यांचा एकच प्रश्न. "लिफ्ट हाय ना?" गुडघे गेल्यापासून दवाखाना सोडला तर ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. हिंगोलीहून आणलं तेव्हा वाटलं होतं, इथे चार माणसांत बसतील. बसतात खिडकीत.
"आहे, आबा."
"मग झकास." हा शब्द नातीकडून उचललाय.

११ जानेवारी, रविवार
आज भांडुप. सह्या व्हायच्या आधी एकदा सगळं नीट बघून घ्यायचं होतं. नळ, फ्लश, बटणं, गळती. नवरा संजय होताच बरोबर, आबांनाही नेलं. त्यांच्यासाठीच तर घेतोय.
सावंतकाकू खुशीत होत्या. घर त्यांच्या नावावर, मुलगा कांदिवलीला, आता त्या त्याच्याकडे जाणार. पहिल्या भेटीत आडनाव ऐकून म्हणाल्या होत्या, "जाधव म्हणजे आपल्यातलेच मा." त्या मराठा, म्हणजे आम्हीही मराठाच असणार. तेव्हापासून माझ्याशी मालवणी आणि अगं-तुगं. संजय नुसता हसला होता तेव्हा. घरी आल्यावर मी त्याला चांगलं झापलं. म्हणे, "त्यांनी विचारलं कुठे?"
"चाय ठेवतंय गो. तू बघ काय बघूचा ता." काकू आत गेल्या. मी नळ सोडले, बटणं दाबली. बेडरूमच्या एका भिंतीला ताजा रंग. हात लावला तर गार, ओलसर. पलीकडे बाथरूम. काकूंना विचारणार, तोच त्यांनी हॉलमध्ये हाक मारली. भिंतीत बसवलेला संगमरवरी देव्हारा दाखवायला.
"ह्यो तुमकाच ठेवतंय. काढूक मन होना नाय." मग आबांना, कौतुकाने, "तुमचा कुळदैवत खयचा ओ?"
आबा कशाला कचरतायत. "आमचं कुठलं कुळदैवत, बाई. आम्ही बौद्ध. जय भीम."
काकू "हां हां" म्हणाल्या. हसल्या पण. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला उशीर होत असेल ना? संध्याकाळी इथे रिक्षा मिळत नाहीत."
तुम्हाला. एकदम शाळेतल्या बाईंसारखं मराठी. चहाचा वास घरभर सुटला होता. चहा काही आला नाही.
लिफ्टमध्ये आबा म्हणाले, "बाई चांगली हाय." सं. मजल्यांचे आकडे बघत राहिला. भिंतीचं विचारायचं राहूनच गेलं.

१२ जानेवारी
काकूंचा मुलगा प्रशांत फोन उचलत नाहीये. सं. म्हणतो बिझी असेल. सोमवारी सगळेच बिझी असतात, कळलं.
कामावर, लॅबमध्ये, मी दोन सॅम्पलची लेबलं उलटी लावत होते. वेळेत दिसलं. मला राग यायला हवा, आणि येतेय भीती. याचाच जास्त राग येतोय.

१३ जानेवारी
सं. ऑफिस सुटल्यावर भिंत बघायला म्हणून गेला. तिथून फोटो पाठवला. भिंतीचा नाही, देव्हाऱ्याचा. म्हणजे देव्हारा होता तिथल्या भोकाचा. विटा उघड्या, खाली चुरा. काकू त्याला म्हणाल्या, "देवाचं असं कुठेही सोडून जाता येत नाही हो."
परवापर्यंत येत होतं.
ठेवा तुमचा देव्हारा. मी तिथे मिक्सर ठेवणार होते. सं.ला हे सांगितलं तर त्याला हसू येईना. मलाही नाही आलं.
ओल आहेच. कपाट सरकवून बघितलं त्याने. मागे पार काळं पडलंय.

१४ जानेवारी
प्रशांतचा फोन. सं. जेवत होता म्हणून स्पीकरवर घेतला. चूक झाली. आबा शेजारीच बसले होते.
"आमच्या मनात तसं काही नाही हो. व्यवहार ठरला तो ठरला. फक्त आईला वाईट वाटलं. तुम्ही आधी सांगितलं नाहीत."
मी मध्ये तोंड घातलं. "काय सांगायचं होतं आधी? आधी सांगायची गोष्ट म्हणजे भिंतीतली ओल. ती तुम्ही सांगायची होती."
तो म्हणाला, भिंतीचं बघून घेऊ. आणि, "शुक्रवारी आईला सहीला आणतोय. कशीबशी तयार केलीय. तुम्ही दोघंच या ना. त्या आजोबांना नका आणू. उगाच विषय निघतो, आई मागे फिरली तर माझी पण वाट लागेल."
सं. म्हणाला, "बरं."
बरं! फोन ठेवल्यावर त्याला नको नको ते बोलले. आबांनी ताटातलं संपवलं, हात धुतले, खिडकीत जाऊन बसले.

१५ जानेवारी
आबांची पिशवी दाराशी. दोन धोतरं, गोळ्या, चष्मा. "रजिस्ट्री होईस्तोवर गावाकडं जाऊन येतो. माझ्या तोंडापायी तुमचं घर नको जायला."
माझा आवाज चढला. म्हटलं, तुम्ही काय शिवी दिली का कुणाला? कुठेही जायचं नाही. उद्या आमच्याबरोबर यायचं. सही होताना समोर बसायचं. त्या बाईला काय करायचं ते करू दे.
सं.नेही होकाराची मान हलवली. पिशवी मी रिकामी केली.
रात्री झोप नाही. तिने खरंच सही केली नाही तर? वाकोल्याची जागा गेलीच आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार
सगळे तयार. सं. रिक्षा घेऊन आला, खाली थांबवलीय. आबांना धरून तीन मजले उतरवायचे म्हणजे वेळ लागणार. ते पहाटेपासून पांढरा शर्ट घालून बसलेत.
आत्ता उठता उठता म्हणाले, "मी आत नाही येत. भायेर रिक्षातच बसतो. सही झाली की हाक मारा."
सं.ने माझ्याकडे बघितलं. काल एवढं बोलले होते मी. तोंड उघडलं, आणि आलं ते एवढंच, "आबा, ऊन असेल बाहेर. टोपी घ्या."
टोपी शोधतायत अजून.